लांबच्या राईडवर गाडी दगा देते तेव्हा: मुंबईकर रायडरसाठी घरापासून परतीपर्यंतची तयारी

राजापूर सोडून दहा-बारा किलोमीटर झाले होते. रात्रीचे साडेआठ. हेडलाइटचा उजेड पिवळा पडत चाललाय असं वाटत होतं, पण मी ते डोळ्यांच्या थकव्यावर ढकललं. दोन वळणं पुढे मीटर लुकलुकला आणि मोटरसायकल गप्प झाली. सेल्फ मारला तर नुसती टक-टक-टक. गाडी ढकलत एका चहाच्या टपरीपर्यंत नेली, काकांनी टॉर्च धरला, मी सीट काढली. रेग्युलेटरचा (बॅटरीकडे जाणारी वीज आवरणारा डबा) पांढरा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, एका पिनेभोवती तपकिरी होऊन वितळला होता आणि जळक्या प्लास्टिकचा वास नाकात भरला. इंजिन ठणठणीत, टायर नीट, टाकी अर्धी भरलेली. एवढी मोठी गाडी अडली होती बोटाच्या पेराएवढ्या कपलरसाठी.

दोष गाडीच्या कंपनीचा नव्हता. मुंबईतल्या एका दुकानातून मी फॉग लाइट बसवून घेतले होते. तिथे मूळ वायर सोलून तिला जोड मारला होता, रिले (मोठा भार वेगळ्या वाटेने नेणारा छोटा स्विच) नाही, वेगळा फ्यूज नाही. त्यात गंज धरलेली सैल पिन, वर मोबाइल चार्जर आणि दिव्यांचा भार. तेव्हापासून मी प्रत्येक बिघाड वहीत लिहून ठेवतो. बहुतेक नोंदी अशाच आहेत: कपलर, क्लच वायर, साइड स्टँडचा स्विच, ढिला बोल्ट, चेनचा लॉक. इंजिनाच्या पोटातला बिघाड क्वचित. जवळजवळ प्रत्येक बिघाड निघण्याआधी महिनाभर आपल्या बिल्डिंगखाली उभ्या गाडीत दिसू शकत होता. म्हणून या लेखाचा मोठा भाग रस्त्यावरचा नसून पार्किंगमधला आहे.

मुंबई गाडीचं काय करते

टूरिंग गाडी आठवडाभर एलबीएस रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटते आणि शनिवारी आपण तिच्याकडून सामानासकट पाचशे किलोमीटर मागतो. ट्रॅफिकमध्ये क्लच अर्धा दाबून धरायची सवय लागते, त्यात प्लेटा आणि वायर दोन्ही झिजतात. पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये बॅटरी पूर्ण भरत नाही. सकाळी सेल्फ लागतो म्हणून आपल्याला ती चांगली वाटते. समुद्राची खारी हवा कपलरच्या पिनांवर हिरवट थर धरते. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर टाकून गाडी आठवडे उभी ठेवली की आत वाफ कोंडते, गंज आणखी वाढतो. कव्हर घालायचं तर हवा खेळेल असं घाला.

उंदीर-घुशींकडे फार जण लक्ष देत नाहीत. टाकीखालची ऊबदार जागा त्यांना आवडते आणि इंजेक्टरची किंवा सेन्सरची एक वायर कुरतडली तरी गाडी अडते. टाकीखाली आणि एअर फिल्टरच्या बाजूला महिन्यातून एकदा टॉर्च मारून बघा. सीटखाली बिस्किटाचा पुडा ठेवू नका.

पहिली पायरी: सर्व्हिस निघण्याच्या आदल्या दिवशी नको

नुकतीच सर्व्हिस झालेली गाडी मला सगळ्यात कमी भरवशाची वाटते. तिचे वीस-पंचवीस बोल्ट नुकतेच उघडून बंद केलेले असतात आणि ते नीट आवळले की नाही हे कुणी तपासलेलं नसतं. एकदा शुक्रवारी संध्याकाळी गाडी सर्व्हिसमधून घेतली, शनिवारी पहाटे निघालो. वडखळला चहाला थांबलो तर उजवा बूट तेलाने चकाकत होता. ड्रेन बोल्टखाली नवा वॉशर टाकलाच नव्हता, आणि तेल मागच्या टायरच्या दिशेने उडत होतं. ओल्या वळणावर काय झालं असतं याचा विचार आजही नकोसा वाटतो.

म्हणून सर्व्हिस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी करा. शक्य असेल तर गाडीजवळ उभे राहा आणि बदललेले जुने पार्ट परत मागा. मग सगळं सामान बांधून, मागे कुणी बसणार असेल तर त्या माणसासकट, अडीचशे किलोमीटरची चाचणी राईड करा. कसारा घाट चढून इगतपुरी आणि परत, एवढं पुरतं: चढ, उतार, हायवेचा सलग वेग आणि परतीचं ठाण्याचं ट्रॅफिक, सगळं एका दिवसात मिळतं. रिकाम्या गाडीवरची चाचणी चाचणीच नव्हे. रॅक कुठे कंप पावतो, बॅग सायलेन्सरला कुठे टेकते, हे वजन पडल्यावरच कळतं.

नवा टायर, नवी चेन, नवे ब्रेक पॅड, हे सगळंही याच चाचणीच्या आधी. नव्या पॅडला आणि टायरला जम बसायला थोडं अंतर लागतं.

दुसरी पायरी: वीज

एक साधा मल्टिमीटर घ्या. हे एक साधन तुमची अर्धी चिंता कमी करेल. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी सेल्फ मारण्याआधी मोजा: १२.६ व्होल्ट किंवा जास्त असेल तर उत्तम, १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा बघा. पूर्ण चार्ज होऊनही दुसऱ्या दिवशी खाली येत असेल तर बॅटरी बदला. ती नाशिकपर्यंत चालेल, गोव्यापर्यंत चालेलच असं नाही. मग गाडी चालू करून चार-पाच हजार आरपीएमवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. आता हेडलाइट, फॉग, चार्जर सगळं लावून पुन्हा मोजा. आकडा १३ च्या खाली घसरला तर मॅग्नेट कॉइल (इंजिनावर वीज तयार करणारी गुंडाळी) किंवा रेग्युलेटर कमी पडतोय, किंवा तुम्ही गाडीवर तिच्या ताकदीबाहेरचे दिवे लादले आहेत. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय. अशी गाडी बाहेर काढू नका, बॅटरी उकळेल आणि त्याबरोबर इतर इलेक्ट्रॉनिक्सही जाऊ शकतं.

दहा मिनिटं गाडी चालवून झाल्यावर रेग्युलेटरच्या कपलरला सांभाळून बोट लावा. आजूबाजूच्या भागापेक्षा तो जास्त तापलेला, पिवळट किंवा कडक झालेला असेल तर तिथे पिन सैल आहे. कपलर उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिन घट्ट करा, वर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (पिनांना ओलाव्यापासून वाचवणारं ग्रीस) पातळ हात फिरवा. मी हेच करायला हवं होतं आणि केलं नाही.

बाहेरून बसवलेल्या प्रत्येक वस्तूची वायर स्वतः हुडकून काढा. दिव्यांना रिले हवा, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत स्वतःचा फ्यूज हवा, आणि मूळ वायरिंग कुठेही सोललेलं नको. इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड सापडला तर तो कापून सोल्डर करून श्रिंक ट्यूब चढवा. उन्हात टेपचा डिंक पातळ होऊन सुटतो. दुकानदार म्हणेल, ‘दादा, काही होत नाही, शंभर गाड्यांना असंच लावलंय.’ ऐकू नका.

तिसरी पायरी: चेन आणि वायर

चेन ढिली आहे की नाही हे अंगठ्याने दाबून ठरवायची सवय सोडा, पट्टी लावा. बहुतेक रोड गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर खेळ हवा असतो, लांब सस्पेन्शनच्या ॲडव्हेंचर गाड्यांना त्याहून जास्त. नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये आहे. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन एकसारखी ताणली जात नाही. सगळ्यात घट्ट जागेवर खेळ बरोबर ठेवा. आणि मागे माणूस व सामान ठेवून पुन्हा बघा. वजनाने चेन आणखी ताणली जाते. जास्त घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट, ती पुढच्या स्प्रॉकेटमागची बेअरिंग खाते.

मागच्या स्प्रॉकेटवर चेन मधोमध धरून मागे ओढा. दात अर्धा उघडा पडला तर चेन संपली, आणि बदलायची तर पूर्ण सेट बदला. चेनला क्लिपचा लॉक असेल तर क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. उलटी बसवलेली क्लिप मी दोन गाड्यांवर पाहिली आहे, दोन्ही गॅरेजमधून नुकत्या आलेल्या. चेन धुवायला पेट्रोल नको, ते चेनच्या कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग कडक करतं. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर चेन क्लीनर. राईडवर कोरड्या रस्त्यावर पाचशे किलोमीटरला आणि पावसात तीनशेच्या आतच ल्यूब मारा, तेही संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर, चेन गरम असताना. सकाळी मारून लगेच निघालात तर निम्मं रिमवर उडतं.

क्लच वायर तुटते ती लिव्हरमधल्या गोळीजवळ. लिव्हर सोडवून ती जागा बघा. एक जरी तार फुटलेली दिसली तरी वायर बदला. माझ्या मावसभावाची आंबा घाटात तुटली, खाली ट्रक, वर ट्रक. त्याच्याकडे दुसरी वायर होती, पण ती बसवायला टाकी काढावी लागत होती. आता आम्ही दोघंही नवी वायर जुनीच्या बाजूने, तिच्याच वाटेने नेऊन झिप टायने बांधून ठेवतो, दोन्ही तोंडांवर टेप लावून. तुटली तर दोन्ही टोकं जोडायची की काम झालं.

चौथी पायरी: बाकीचं

टायरच्या बाजूला चौकोनात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी लांब न्यायचा नाही. हवा सकाळी टायर थंड असताना मोजा आणि सामानासाठी मॅन्युअलमध्ये दिलेला जास्तीचा आकडा ठेवा.

इंजिन ऑइल दुचाकीचंच, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरतो. हायवेवर सलग वेगाने गाडी पळवली की काही इंजिनं तेल पितात, म्हणून दर संध्याकाळी लेव्हल बघा. गाडी सरळ उभी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबून. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि मुंबईच्या हवेत त्याला ओलाव्याची कमतरता नाही. दोन वर्षांनी बदला, नाहीतर कुंभार्ली घाटाच्या उतारावर ते तापेल आणि लिव्हर हाताला स्पंजासारखा लागेल. उतारावर गिअर खाली टाकून इंजिनाच्या जोरावर उतरा.

लिक्विड कूल्ड गाडी असेल तर रेडिएटरच्या जाळीतला चिखल सौम्य पाण्याने काढा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात. फॅन लागतो का ते ट्रॅफिकमध्ये उभं राहून ऐका.

सेंटर स्टँडवर किंवा विटांच्या टेकूवर पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, गेली. चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा, खेळ असेल तर चाकाची बेअरिंग. रॅक, सायलेन्सर, नंबर प्लेट, क्रॅश गार्ड यांच्या बोल्टना निळं लॉकटाइट (आटे सुटू न देणारा डिंक) लावून आवळा आणि बोल्टपासून पट्टीपर्यंत पेंटची एक रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी, तेवढ्यात सगळं कळतं.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी भाग ते गृहीत धरून बनवलेले आहेत. जुन्या गाड्यांचे पाइप आणि सील तपासा, चिरा असतील तर बदला. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात अर्ध्या टाकीने गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. इंजेक्शनच्या गाड्यांचा पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून लांबच्या राईडवर रिझर्व्हवर रेंगाळणं टाळा.

सोबत काय घ्यायचं

मूळ टूलकिटमधला पाना आणि पक्कड घरी ठेवा, त्यांचं लोखंड फार मऊ असतं. तुमच्या गाडीवर लागणारेच साइज नीट दर्जाचे घ्या. परीक्षा अशी: घरी त्याच हत्यारांनी मागचं चाक काढून परत बसवा. जे लागलं ते पिशवीत, जे लागलं नाही ते बाहेर. त्यात स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, सगळ्या आकाराचे फ्यूज, एक रिले, चेनचा लॉक, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, दीड मीटर वायर, एम-सील, झिप टाय, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर. स्पोक रिमची ट्यूबवाली चाकं असतील तर दोन ट्यूब आणि टायर काढायचे लिव्हर. पंक्चर काढायचा सराव आधी पार्किंगमध्ये करा. राईडच्या रस्त्यावर नव्हे, येत्या रविवारी.

निघण्याचा दिवस

मुंबईतून दुचाकी घेऊन बाहेर पडताना ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी आपल्याला बंद आहेत. म्हणजे वाशीचा पूल, पनवेल आणि खोपोलीचा जुना घाट, नाहीतर पेण-माणगाव-महाडचा रस्ता. खोपोलीच्या चढावर शिंग्रोबाच्या देवळाशी मी थांबतो. श्रद्धा आहेच, आणि तिथेच मी पहिला तपास करतो: तेल गळतंय का, बॅगेचे पट्टे सैल झाले का, चाकाच्या हबला हात लावून ब्रेक चिकटतोय का. शंभर किलोमीटरच्या आत हा थांबा हवाच. पहिल्या दिवशी मुक्कामाला अंधाराच्या दोन तास आधी पोचायचं ठरवा. बिघाड झाला तर ते दोन तास तुमच्या हातात असतात, आणि गावातली गॅरेजं तेव्हा उघडी असतात.

गाडी बंद पडली, आता?

आधी माणूस सुरक्षित. रस्त्याच्या कडेला, वळणापासून दूर, शक्यतो प्रकाशात. गाडीच्या मागे पन्नास पावलांवर झाडाची फांदी किंवा इशाऱ्याचा चमकणारा त्रिकोण. मग हेल्मेट काढा, पाणी प्या, आणि क्रम सोडू नका. घाईत माणूस आधी प्लग काढतो आणि दोष किल स्विचमध्ये असतो.

हँडलवरचा किल स्विच (इंजिन बंद करायचं लाल बटण) बघा, गिअर न्यूट्रलला टाका, साइड स्टँड वर करा. चावी फिरवा. मीटरवर काहीच लागत नसेल तर बॅटरीचं टर्मिनल हलवून बघा, मग मुख्य फ्यूज. दिवे लागतात पण सेल्फवर टक-टक होतं, तर बॅटरी. ढकलून चालू करायला इंजेक्शनच्या गाडीत थोडी तरी वीज लागते, पूर्ण मेलेल्या बॅटरीवर ती धक्क्याने चालू होत नाही. दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायचा तर त्या गाडीचं इंजिन बंद ठेवूनच, विशेषतः ती कार असेल तर.

चावी फिरवल्यावर टाकीतून दोन सेकंद ‘झूऽऽ’ असा आवाज येतो, तो पेट्रोल पंप. हा आवाज घरी असतानाच ओळखीचा करून घ्या. येत नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले, कपलर. गाडी पडली असेल तर टिल्ट सेन्सरने (गाडी आडवी झाल्याचं ओळखणारा) इंजिन बंद केलेलं असतं. चावी बंद करून पुन्हा चालू केली की बहुधा सुटतं. इंजिन जोरात फिरतंय, पंपाचा आवाजही आहे, तरी पेटत नाही: प्लग, प्लगची टोपी, पेट्रोलमधलं पाणी, या क्रमाने.

गाडी न्यूट्रलमध्ये छान चालते आणि गिअर टाकताच बंद होते, हा साइड स्टँडचा स्विच. चिखल बसतो, चुंबक अडकतो. आधी पाण्याने धुवा, स्टँड आठ-दहा वेळा खाली-वर करा. तरी नाही तर कपलर काढून गाडीकडच्या दोन वायर जोडता येतात. पण काही गाड्यांत तीन वायर असतात, म्हणून तुमच्या गाडीत कोणत्या जोडायच्या हे मेकॅनिककडून आधीच शिकून सीटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. असं केल्यावर स्टँड खाली राहिला तरी गाडी चालेल आणि डाव्या वळणावर पाडेल, तेव्हा हँडलवर एक चिंधी बांधून ठेवा, आठवण राहावी म्हणून.

इंजिन चालू आहे, आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही: क्लच. घाटात तापला असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या आणि वायरला खेळ आहे का बघा. खूप ताणलेल्या वायरनेही क्लच घसरतो.

गावातल्या मेकॅनिकला कमी लेखू नका. त्याच्याकडे तुमच्या गाडीचा स्कॅनर नसेल, पण ढिली तार, तुटलेला ब्रॅकेट, आटे गेलेला बोल्ट तो तुमच्यापेक्षा लवकर ओळखतो. ‘भाऊ, जरा बघता का?’ एवढं म्हणा आणि तो काम करत असताना मोबाइलमध्ये डोकं घालू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर लेथवर स्पेसर किंवा स्टड नवा बनवून मिळतो. वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची तार आणि ईसीयूचा (इंजिन चालवणारा छोटा संगणक) कपलर काढायला सांगा.

दुरुस्त होतच नसेल तर

विम्यातल्या रोडसाइड असिस्टन्समध्ये किती किलोमीटरपर्यंत टोइंग मिळतं, हे निघण्याआधी पॉलिसीत वाचा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि तातडीसाठी ११२, दोन्ही नंबर ग्लोव्हच्या आत लिहून ठेवा, फोन बंद पडला तर उपयोगी येतात. छोटा हत्ती मिळाला तर गाडी सरळ उभी करून पहिल्या गिअरमध्ये ठेवा, पट्टे हँडलच्या मुठींना न बांधता खालच्या फोर्क क्लॅम्पला बांधा, दोन पुढे आणि दोन मागे.

कोकणात रेल्वे हा चांगला पर्याय आहे आणि तो कमी लोकांच्या लक्षात येतो. पार्सल ऑफिसात आरसीची प्रत, ओळखपत्र, रिकामी टाकी आणि गोणपाटात पॅक केलेली गाडी लागते. छोट्या स्टेशनवर गाड्या फार कमी वेळ थांबतात, त्यामुळे रत्नागिरीसारखं मोठं स्टेशन गाठलेलं बरं. आरसे आणि लोंबकळणारं सगळं सामान काढून सोबत घ्या.

परतल्यावर

लगेच धुऊ नका. धूळ बसलेल्या इंजिनावर तेलाची ओली रेघ जितकी स्पष्ट दिसते तितकी धुतल्यावर दिसत नाही. टॉर्च घेऊन आधी फोर्कचे सील, हेड कव्हर, ड्रेन बोल्ट बघा, पेंटच्या रेघा तपासा, स्पोक असतील तर प्रत्येकावर पान्याने टिचकी मारून आवाज ऐका. बसका आवाज म्हणजे ढिला स्पोक. मग धुवा, चेनला ल्यूब, आणि वापरलेला फ्यूज, ट्यूब, वायर त्याच आठवड्यात परत आणून पिशवीत ठेवा.

राजापूरच्या त्या रात्री काकांच्या टपरीवरच्या ट्रकवाल्याने वितळलेला कपलर कापून तीन तारा थेट पिळल्या, वर जुन्या ट्यूबची पट्टी आवळली, मी फॉग लाइट आणि चार्जर काढून टाकले. त्याच्या ट्रकच्या एका बॅटरीवरून इंजिन बंद ठेवून जंप दिला. तेवढ्यावर गाडी कणकवलीपर्यंत गेली. पिळलेल्या त्या तारांचा तुकडा अजून माझ्या टूलच्या पिशवीत आहे, फ्यूजच्या डबीशेजारी.